पायांपायी

माझे मामा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला होते आणि पाळी सुटली की हारवुड लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये फुटबॉल खेळत. बूट त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच घातले, ते माझ्या आईच्या लग्नात. आणि तेही पंगत बसेपर्यंतच टिकले. मैदानावर ते घोट्यांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून अनवाणी उतरत. सामना झाला की त्या पट्ट्या धुऊन चाळीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या असत, आणि मामा जिंकून आले की हरून, हे पट्ट्या किती जोराने पिळल्या आहेत त्यावरून ओळखता येते, असे माझी आजी म्हणे. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हते. ते कोणत्या सामन्यात आणि कोणत्या गोऱ्या शिपायाच्या बुटाखाली गेले, याची हकीकत दर खेपेस थोडी बदलत असे. एक वाक्य मात्र कधी बदलले नाही. पाय लांब करून, त्या अंगठ्याकडे पाहत ते म्हणत, "या पायांपायी आपण ब्राझीलला गेलो नाही, भाचेबुवा."

ब्राझील म्हणजे १९५० ची जागतिक फुटबॉल स्पर्धा. मामांच्या तोंडून मी ऐकलेली गोष्ट अशी: भारताची निवड झाली होती, बोटीची तिकिटे काढण्यापुरताच अवकाश होता, इतक्यात फिफा या जागतिक संघटनेने कळवले की बूट घातल्यावाचून खेळता येणार नाही. आमच्या पोरांना बुटांची सवय नव्हती, म्हणून आम्ही घरी राहिलो. सांगताना मामांच्या आवाजात अभिमान असे. आणि त्याच्या तळाशी थोडी शरमही असे. 'आपण' हा शब्द ते उगाच वापरीत नव्हते. देशाच्या संघात त्यांच्यासारखेच अनवाणी खेळणारे होते. तेव्हा देशाची संधी हुकली त्यात आपल्याही पायांचा काही वाटा आहे, असे ते खरोखरच मानीत.

ही गोष्ट मी शाळेत सांगितली, कचेरीत सांगितली, पुढे माझ्या मुलांना सांगितली. वाचकांपैकी पुष्कळांनी ती ऐकली असेल. ती खरी नाही. मामा १९८४ साली गेले, तोपर्यंत हे मलाही ठाऊक नव्हते. ही रुखरुख आहे म्हणून हा लेख.

झाले ते असे. १९५० च्या स्पर्धेसाठी आशियातल्या गटात भारताबरोबर ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स होते. तिघांनीही नावे मागे घेतली आणि एकही सामना न खेळता आपली जागा पक्की झाली. इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्याबरोबर गट ठरला. इटली म्हणजे त्या वेळचे जगज्जेते. यजमान ब्राझीलने प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी दाखवली. आणि मग ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनने कळवून टाकले की आम्ही येत नाही. कारणे दिली ती सरावाला वेळ अपुरा असल्याची आणि संघाच्या निवडीवर एकमत नसल्याची.

आता बुटांचेच पाहू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या संघातले बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सने आपल्याला २-१ असे हरवले, तेही आपल्या दोन पेनल्टी फुकट गेल्या म्हणून. पुढे १९५२ च्या जुलैत हेलसिंकीला, तिकडच्या गारठ्यात, आपले कित्येक खेळाडू पुन्हा अनवाणीच उतरले आणि युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा चुराडा केला. ऑलिंपिकचे फुटबॉल काही वेगळ्या कायद्याने चालत नाही. तेथेही नियम फिफाचेच. म्हणजे ज्या पायांना फिफाने १९५० साली दार लावले म्हणावे, तेच पाय दोन वर्षांनी फिफाच्याच नियमांखाली राजरोस खेळत होते. बुटांची सक्ती झाली ती या हेलसिंकीच्या धुलाईनंतर.

मोहन बागानचे शैलेन मन्ना हे त्या काळातले आपले कर्णधार. संघ ब्राझीलला गेला असता तर तो त्यांच्याच हाताखाली गेला असता. उतारवयात त्यांनी मुलाखतीतून स्वच्छ सांगितले की जागतिक स्पर्धा म्हणजे काय हे आम्हाला कोणी धड सांगितलेच नव्हते, आमच्या लेखी ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व होते, आणि बुटांची सबब ही न जाण्याच्या निर्णयावर घातलेले पांघरूण होते. मन्नांचे हे म्हणणे मी प्रथम वाचले तेव्हा मला आनंद होण्याऐवजी संताप आला. एक माणूस साचेखात्यात आठ तास उभा राहतो, मग मैदानावर धावतो, नख गमावतो, आणि वर तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्याच्या निर्णयाचे खापर आपल्या पायांवर फोडून घेतो!

परंतु निवाडा एकतर्फी होऊ नये. १९५० चा देश कसा होता हेही पाहिले पाहिजे. फाळणीला तीन वर्षे होत नाहीत तोच दक्षिण अमेरिकेची समुद्रयात्रा, परकीय चलनाची टंचाई, आणि जागतिक स्पर्धेचे आजच्यासारखे स्तोम तर कोठेच नव्हते. त्या वर्षी स्कॉटलंड, तुर्कस्तान आणि फ्रान्सही गेले नाहीत; सोळा जागांच्या स्पर्धेत तेराच संघ खेळले. स्कॉटलंडचे कारण तर असे की घरच्या स्पर्धेत आपण पहिले आलो नाही, मग दुसऱ्या क्रमांकाने जायचे कशाला! तेव्हा एकट्या आपल्या फेडरेशनला शहाणपण सुचायला हवे होते असे मी म्हणणार नाही. चूक एकदा होते. चुकीचा रिवाज होतो तेव्हा मात्र माणूस हिशेब मागू लागतो.

तो हिशेब असा. १९५२ नंतर पायांत बूट आले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा गुरू संघाला लाभला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल आमच्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकमध्ये असे तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. त्या स्पर्धेत आपण चौथे आलो. नेव्हिल टाटांच्या संघातून खेळे. कूपरेजच्या लाकडी पायऱ्यांवर मामांच्या शेजारी बसून मी त्याला पाहिला आहे. चेंडू त्याच्या पायाशी आला की मामा एकदम गप्प होत; एरवी ते सामनाभर बोलत असत. १९६० ला रोममध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आपण आशियाई सुवर्णपदक घेतले.

जकार्ताचा तो सामना विसरता येण्यासारखा नाही. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांना स्पर्धेस येऊ दिले नव्हते, त्याला भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी उघड हरकत घेतली. हरकत रास्तच होती. पण तिची शिक्षा भोगली ती अकरा खेळाडूंनी. सारे स्टेडियम त्यांच्या नावाने ओरडत होते. जर्नेलसिंग डोक्याला टाके असताना खेळला आणि त्याच डोक्याने त्याने गोल केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. नऊ महिन्यांनी, १९६३ च्या जूनमध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

इतके हे ऐन बहराचे दशक. आता विचारा, या काळात जागतिक स्पर्धेसाठी आपण काय केले? १९५४ चा अर्ज फिफाने स्वीकारला नाही. १९५८ ला नाव दिले नाही. १९६२ ला नाही, १९६६ ला नाही, १९७० ला नाही. १९७४ साठी दिले आणि मागे घेतले. १९७८ आणि १९८२ ला पुन्हा नाही. जागतिक स्पर्धेच्या पात्रतेचा पहिला सामना भारत खेळला तो १९८५ साली. मामांना जाऊन वर्ष झाले होते. आशियाचे विजेते असतानासुद्धा आपण नुसता अर्जही केला नव्हता. त्या वेळी तर बूट होते!

हे असे का व्हावे, या प्रश्नाशी मी बरीच वर्षे झटापट केली आहे. पदाधिकारी वाईट होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझी समजूत निराळी आहे. तिचे मूळ फेडरेशनच्या जन्मात सापडते.

कलकत्त्याला १८९३ मध्ये इंडियन फुटबॉल असोसिएशन निघाली. नाव 'इंडियन', पण सत्ता बंगालपुरती. बाकीच्या प्रांतांना हे वडीलपण मानवेना आणि १९३०-४० च्या दशकात तंटा विकोपाला गेला. शेवटी २३ जून १९३७ रोजी सिमल्याला, लष्कराच्या मुख्य कचेरीत, सहा संघटनांचे प्रतिनिधी बसले आणि त्यांनी फेडरेशन स्थापले. म्हणजे ही संस्था खेळाच्या वाढीसाठी जन्मली त्यापेक्षा अधिक भांडण मिटवण्यासाठी जन्मली. तो एक तह होता. आणि तहात ज्यांच्या सह्या असतात त्यांचेच ऐकले जाते. मत प्रांतिक संघटनेला. खेळाडूला मत नाही, क्लबाला नाही. प्रेक्षकाचा तर प्रश्नच येत नाही. त्याला तिकीट आहे. ज्याला अध्यक्ष व्हायचे त्याने या संघटना सांभाळल्या की झाले. प्रियरंजन दासमुन्शी जवळजवळ वीस वर्षे अध्यक्ष होते, त्यांच्यानंतर आमच्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २०२२ पर्यंत. संघ जिंकला काय आणि हरला काय, त्या खुर्चीच्या पायाला धक्का लागत नसे.

दरम्यान आम्ही कूपरेजवर जातच होतो. रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा. गोऱ्या पलटणींची मिरास मोडून १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या हिंदी संघाने ती प्रथम जिंकली. योगायोग पाहा, फेडरेशनचेही तेच वर्ष. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने कप नेला. मामा त्या संघाचे इतके भक्त की त्या दिवसांत घरी कोणी पोलिसांची निंदा केलेली त्यांना खपत नसे. ती स्पर्धा २०००-०१ नंतर झाली नाही. कोणी तिचे उत्तरकार्यही केले नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग मुंबईत आणली, आणि २०१० साली तो क्लबही मिटला.

त्याच सुमारास एक नवी सबब कानावर येऊ लागली: लोकांना फुटबॉल नकोच आहे, लोक क्रिकेटचे वेडे. पूर्वी खापर पायांवर फुटले, आता ते डोळ्यांवर फुटू लागले.

माझी मुलगी कोल्हापूरला दिली आहे. ज्याला हे म्हणणे पटत असेल त्याने हंगामात एकदा शाहू स्टेडियमवर जाऊन यावे. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की पेठेतली दुकाने लवकर बंद होतात. ज्या तालमींत एके काळी लाल माती अंगाला लागत होती, त्यांनीच तेथे फुटबॉल पोसला. आजोबाची तालीम ती नातवाची तालीम. सून मात्र दुसऱ्या पेठेतली आली तर घरात दोन तट पडतात. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत देशासाठी खेळला. हे सारे कोणत्याही दिल्लीच्या कचेरीने उभे केलेले नाही. गोव्यातही तीच कथा. तेथे गावोगाव चर्चपुढच्या पटांगणात खेळ रुजला.

पण वरच्या मजल्यावरून हे दिसत नसावे. २०१० च्या डिसेंबरात फेडरेशनने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना एका कंपनीच्या हाती दिले. पैसा वाईट असतो असे मी म्हणत नाही. फुटबॉलला पैसा हवाच होता. २०१४ मध्ये त्यातून इंडियन सुपर लीग निघाली, दिवे झगमगले, तरुण मुले पुन्हा मैदानाकडे वळली, हेही खरे. परंतु ज्या क्लबांनी इतकी वर्षे खस्ता खाल्ल्या त्यांचे आता काय, याचे उत्तर त्यांना समाधानकारक मिळाले नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी फेडरेशनच्या आराखड्याचा निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो म्हणजे २००७-०८ च्या पहिल्या आय-लीगचा विजेता. मडगावच्या एका वृद्ध स्नेह्याने मला तेव्हा फोन केला, म्हणाला, "घर आमचंच आहे, पण आता आम्ही पाहुणे." मला उत्तर सुचले नाही.

यानंतरचा भाग वर्तमानपत्रांत येऊन गेला आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. अध्यक्षांची मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली, निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मंडळाला दूर करून तिघांची प्रशासक समिती नेमली. पुढे ऑगस्टच्या आरंभी न्यायालयाने मतदारयादीत राज्य संघटनांच्या छत्तीस प्रतिनिधींबरोबर छत्तीस नामवंत खेळाडू घालण्याचे ठरवले. पंच्याऐंशी वर्षांत प्रथमच, ज्याच्या पायाला चेंडू लागला आहे त्याच्या हाताला मतपत्रिका लागणार होती. फिफाला ते रुचले नाही. बाहेरच्यांचा हस्तक्षेप चालणार नाही म्हणून तिने भारतालाच निलंबित केले.

ती बातमी आपल्याकडे १६ ऑगस्टच्या सकाळी आली. फुटबॉलवाल्यांना ही तारीख वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९८० साली याच दिवशी कलकत्त्याला ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असता दंगल झाली, चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षक मेले. दरसाल या दिवशी तिकडे त्यांच्या आठवणीसाठी लोक रक्तदान करतात. २०२२ च्या त्या सकाळी तिकडे ताश्कंदमध्ये केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी जाऊन पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळता परत यावे लागले. भांडण कोणाचे आणि बॅगा कोणाच्या भरल्या!

पुढे न्यायालयाने समिती बरखास्त केली, मतदार पुन्हा फक्त संघटनांचेच ठेवले, आणि २६ ऑगस्टला बंदी उठली. २ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला माजी गोलरक्षक कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला बायचुंग भुतिया, ज्याच्या नावावर एका पिढीने तिकिटे काढली. चौबेंना ३३ मते पडली, बायचुंगला १. चौबे हे फेडरेशनचे पहिले खेळाडू-अध्यक्ष, ही गोष्ट मी कमी लेखत नाही. परंतु तो आकडा मी वर्तमानपत्रात वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. कूपरेजच्या पायऱ्यांवर मतदान झाले असते तर आकडे काय पडले असते, असा एक भाबडा विचारही मनात येऊन गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने नवी घटना मान्य करून माजी खेळाडूंना सभेत जागा देऊ केल्या. त्याच वर्षी जुना करार संपत आल्याने सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, आणि १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवल्यावर २०२७ च्या आशियाई स्पर्धेची वाटही बंद झाली. मडगावच्या स्नेह्याचा या वेळी फोन आला नाही.

मला राहूनराहून आठवते ती अंधेरीची रात्र. १ जून २०१८ रोजी तेथे भारताने तैवानच्या संघाला ५-० असे हरवले आणि ते पाहायला होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून सांगितले की आम्हाला शिव्या द्या, नावे ठेवा, पण मैदानात येऊन ठेवा. देशासाठी नव्याण्णव सामने खेळलेल्या माणसावर ही पाळी यावी! ४ जूनला केनियाशी त्याचा शंभरावा सामना होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून आलेल्या नातवाला घेऊन मी गेलो. स्टेडियम तुडुंब भरले होते. पावसाने झोडपून काढले. मैदानावर पाणी साचले, चेंडू जागच्या जागी थबकू लागला, पण कोणी उठले नाही. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही.

नातू तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने बूट काढून त्यांतले पाणी ओतले, मोजे पिळले आणि विचारले, "आजोबा, आपण वर्ल्ड कपला कधीच गेलो नाही?"

माझ्या तोंडात सवयीने तेच शब्द आले होते. मी ते गिळले.

"एकदा बोलावलं होतं," मी म्हणालो, "गेलो नाही."

"का?"

"ठरवणारे नको म्हणाले."

"कोण ठरवणारे?"

मी सांगायला सुरुवात केली. सिमल्यापासून करावी की ब्राझीलपासून, याचाच घोटाळा झाला. तेवढ्यात संघ बाहेर आले आणि त्या आरड्याओरड्यात माझे बोलणे मलाच ऐकू येईना. अडुसष्टाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. छेत्रीने चेंडू ठेवला. नातू ओल्या खुर्चीवर अनवाणी उभा राहून ओरडत होता, आणि त्याचे बूट मी हातात धरले होते.